उचकटू नका! बिघडलेली अ‍ॅक्रिलिक नखं कशी काढायची



या मालिकेत आपण प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह, इन्व्हर्टरची बॅटरी, गिझरचा थर्मोस्टॅट असे विषय घेतले. आज नखं. साठी उलटलेला निवृत्त फौजी बायकांच्या नखांवर काय बोलणार, असं वाटत असेल तर सांगतो. माझी सगळी नोकरी ईएमईत गेली, म्हणजे लष्कराची गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. तिथे एक गोष्ट वारंवार दिसायची. गाडीचा रंग पोपडे धरून निघाला, तर दोष रंगाचा क्वचितच असायचा. खालचा पत्रा नीट साफ केलेला नसायचा, किंवा कुणीतरी घाईत ओलसर पत्र्यावरच ब्रश फिरवलेला असायचा. अ‍ॅक्रिलिक नख हे त्याच जातीचं काम आहे. एका पृष्ठभागावर दुसरं काहीतरी घट्ट बसवायचं. फरक एवढाच, की इथला पत्रा जिवंत माणसाच्या बोटावर आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा आहे आणि स्टोअरमधून नवा मागवता येत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पुरतं नवं यायला सहा महिने जातात.

शहर कुठलंही घ्या, इंदूर, बडोदा, बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्ली. बाजारात ‘चारशे नव्याण्णवमध्ये दहा नखं’ अशी एखादी पाटी दिसतेच. लग्नसराईत मुली तिथे बसतात. आठवड्याभरात एक नख कडेने सुटतं, दुसरं ठणकायला लागतं, तिसऱ्याखाली हिरवट डाग दिसतो. मग घरीच ओढून काढायचा मोह होतो. आजचा भाग मुख्यतः त्या मोहाविरुद्ध आहे. कारण लावणाऱ्याने केलेलं नुकसान बऱ्याचदा थोडं असतं. ओरबाडून काढताना होतं ते मोठं असतं.

आधी हे प्रकरण आहे काय ते पाहू. एक द्रव असतो आणि एक भुकटी. ब्रश द्रवात बुडवून भुकटीला टेकवला, की टोकावर ओलसर मणी धरतो. तो नखावर पसरायचा. द्रवातले सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात आणि काही मिनिटांत सगळं कडक होतं. दातांची कवळी याच कुळातल्या राळेची असते. या नखांचं मूळही दातांच्या दवाखान्यातच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने आपल्या कामातलं अ‍ॅक्रिलिक वापरून कृत्रिम नख बनवलं आणि तिथून हा धंदा वाढत गेला.

बऱ्या दुकानात हा द्रव एथिल मेथाक्रिलेटचा असतो, त्याला ईएमए म्हणतात. त्याचा स्वस्तातला भाऊ म्हणजे मिथिल मेथाक्रिलेट, एमएमए. कवळीसाठी, किंवा सांधा बदलताना वापरतात त्या हाडांच्या सिमेंटसाठी हा भाऊ उत्तम. नखावर मात्र नको. तो फार कडक होतो. बोट गाडीच्या दारात अडकलं तर चांगलं अ‍ॅक्रिलिक आधी स्वतः तुटतं. एमएमए तुटत नाही, तो खालचं तुमचं नख घेऊन उचकटतो. शिवाय अ‍ॅसिटोनमध्ये तो सहजी विरघळत नाही, म्हणजे काढायची वाटही अवघड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९७० च्या दशकात इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्यांनी शंभर टक्के एमएमए असलेल्या नखांच्या उत्पादनांवर कोर्टामार्फत कारवाई केली होती. भुकटीच्या डब्यावर ‘पॉलिमिथिल मेथाक्रिलेट’ असं लांबलचक नाव दिसलं, तर दचकू नका. त्या भुकटीतल्या साखळ्या आधीच जोडलेल्या असतात, तिचा त्रास नाही. पाहायची ती द्रवाची बाटली. तिच्यावर लेबल नसेल, मोठ्या कॅनमधून कुठल्याशा बाटलीत ओतून घेतलेलं असेल आणि वास डोक्यात जात असेल, तर खुर्चीवरून उठायचं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना २०२० चे नियम लागू आहेत. त्यांत उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे लेबल मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण सगळा दोष द्रवावर ढकलू नये. स्वस्त सेटमध्ये खरी काटकसर वेळेची असते. दहा नखांचं काम नीट करायचं तर दीड-दोन तास लागतात. स्वस्तात ते पाऊण तासात उरकतात. मग नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ त्वचा पूर्ण काढली जात नाही, तिच्यावरच अ‍ॅक्रिलिक चढतं आणि चार दिवसांत तिथूनच सुटतं. नखावरची चकाकी हलक्या कानशीने घालवायची असते, त्याऐवजी मशीनचा फिरता ड्रिल दाबून धरतात. त्या वेळी नख भाजल्यासारखं गरम लागलं असेल आणि नंतर मुळाजवळ लालसर अर्धगोल रेघ दिसत असेल, तर तिथे तुमचं नखच घासलं गेलं आहे. घाईत द्रव जास्त होतो, ओघळून कडेच्या कातडीवर जातो. याचा परिणाम सगळ्यात दूरगामी, त्यावर पुढे येतो.

एक सांगून ठेवतो. हे काम करणारी मुलगी बहुधा घरापासून दूर आलेली असते. दिवसभर त्या वाफेत बसते, बऱ्याचदा हातमोज्यांशिवाय, आणि किती वेळात किती गिऱ्हाइकं उरकायची ते ती ठरवत नाही. भांडायचं असेल तर मालकाशी भांडा.

आता तुमच्या हाताकडे वळू. काढायला बसण्यापूर्वी चांगल्या उजेडात एकेक बोट पाहा. नुसती कड सुटली आहे, दुखत नाही, कातडी शाबूत आहे, तर घरी काढता येईल. सुटलेल्या जागी पुन्हा गोंद मात्र भरू नका. आत अडकलेलं पाणी आतच राहतं. बोट ठणकत असेल, नखाच्या कडेला सूज किंवा पू असेल, म्हणजे नखुर्डं झालं असेल, किंवा तुमचं स्वतःचं नख खालच्या मांसापासून सुटल्यासारखं पांढरं दिसत असेल, तर अ‍ॅसिटोनला हात न लावता त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मधुमेह असेल तर थोडी शंका आली तरी जा.

घरी काढायचं तर साहित्य असं लागेल. शुद्ध अ‍ॅसिटोन, कापूस, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दहा तुकडे, १८० नंबरची नखांची कानस, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, आणि लाकडी काडी. नेहमीचं नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. त्यात अ‍ॅसिटोन पातळ केलेलं असतं किंवा नसतंच. बाटलीवर ‘अ‍ॅसिटोनविरहित’ लिहिलं असेल तर तास घालवूनही काही होणार नाही.

जागा निवडताना माझ्यातला फौजी जागा होतो, तेव्हा दोन मिनिटं ऐका. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं पेटतं. शून्याखाली वीस अंशांनासुद्धा त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या घरात ते कायमच पेटण्याच्या स्थितीत असतं. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. म्हणून स्वयंपाकघर नको, देवघराजवळ नको, उदबत्ती, निरांजन, डासांची कॉइल काही पेटलेलं नको, शेजारी सिगारेट ओढणारा माणूसही नको. खिडकी उघडी ठेवा किंवा गॅलरीत बसा. वाटी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्या. थर्माकोलचा कप यात बघता बघता विरघळतो, आणि टेबलाच्या पॉलिशवर थेंब पडला तर तो डाग तुम्हाला जन्मभर नखांची आठवण देईल. खाली वर्तमानपत्र आणि त्यावर जुना टॉवेल घाला.

आता काम. पहिल्यांदा नेलकटरने वाढीव लांबी थोडी थोडी कापा. एकदम दाबलं तर चीर मुळापर्यंत जाते. मग वरची चमकदार थर कानशीने घासून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग अ‍ॅसिटोनला नावं ठेवतात. वर जेलचं टॉपकोट असेल तर अ‍ॅसिटोन आत शिरूच शकत नाही. चकाकी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा दिसला की थांबा. बोटाच्या कातडीला जेली किंवा तेल लावा, नखावर मात्र लागू देऊ नका. नखाएवढा कापूस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा आणि फॉइल गुंडाळा. एका वेळी एकच हात. दुसरा मोकळा हवा, कारण नेमका याच वेळी दाराची बेल वाजते.

वीस मिनिटं थांबा. घड्याळ लावून थांबा, अंदाजाने नाही. मग एकच फॉइल काढून पाहा. अ‍ॅक्रिलिक भिजलेल्या पापडासारखं लिबलिबीत झालं असेल, तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच सरकवा. सरकतंय तेवढंच घ्यायचं. जे अडतंय त्यावर नवा कापूस, आणखी दहा मिनिटं. दोन-तीन फेऱ्या लागतात, जाड थर असेल तर एका हाताला तासही लागतो. लवकर व्हावं म्हणून अ‍ॅसिटोन गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं डोक्यातही आणू नका. ते छप्पन अंशांनाच उकळतं. हात गार पडला असेल तर फॉइल गुंडाळलेल्या बोटांवर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा, तेवढं पुरे.

छोट्या व्हिडिओंमध्ये नखाखाली दोरा घालून किंवा डेबिट कार्ड सारून दहा सेकंदांत नख उडवून दाखवतात. सिकंदराबादला आमच्या कॉलनीतल्या एका मुलीने हेच केलं. दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत होती आणि तुटकी नखं घेऊन जायचं नव्हतं. अ‍ॅक्रिलिक निघालं, पण त्याला चिकटून तिच्या नखाचे वरचे पापुद्रे निघाले. नख अशा पापुद्र्यांचंच बनलेलं असतं, एकावर एक दाबून बसवलेल्या. उरलं ते इतकं पातळ होतं, की खालचा गुलाबी रंग कच्चा दिसत होता. मुलाखत पार पडली, नोकरीही लागली. पण पुढचे चार महिने गरम पाण्यात हात घालणं, मिरच्या चिरणं, साधं लिंबू पिळणं, प्रत्येक गोष्टीला डोळ्यांत पाणी. संगणकावर टाइप करताना ती बोटांना चिकटपट्ट्या लावायची. त्या दहा सेकंदांचा हिशेब तिच्या आईने मला ऐकवला, तेव्हा हा भाग करायचं मी ठरवलं.

चाळीस-पन्नास मिनिटांनंतरही नख दगडासारखंच असेल, तर एमएमएची शंका घ्या. अशा वेळी जोर लावायचा नाही आणि तासन्‌तास भिजवत बसायचंही नाही, त्याने कातडी कोरडी पडून फुटते. लांबी कापून टाका, वरचा थर कानशीने हळूहळू पातळ करा आणि तुमच्या नखाला भिडण्याआधी थांबा. उरलेला पातळ थर नखाबरोबर पुढे वाढू द्या, पुढे आलेला भाग कापत जा. दिसायला बरं दिसत नाही, मान्य. दुसरा मार्ग म्हणजे अनुभवी माणसाकडून मशीनने थरथर उतरवून घेणं. पण मग तिला आधीच सांगा, की शेवटचा पापुद्रा राहिला तरी चालेल.

हिरवट डागाबद्दल गैरसमज फार आहे. त्याला सरसकट बुरशी म्हणतात आणि लोक बुरशीचं मलम लावत बसतात. ते बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचं काम असतं. सुटलेल्या अ‍ॅक्रिलिकखाली ओल अडकते, तिथे तो वाढतो आणि त्याचाच रंग नखाला चढतो. डाग दिसला की त्या बोटावरचं अ‍ॅक्रिलिक काढायचं, सुटलेलं नख कापायचं, बोट कोरडं ठेवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. ‘थोडं घासते आणि वर नवं लावून देते,’ असं दुकानात सांगितलं तर नको म्हणा. जखमेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिस लिंपण्यासारखं आहे ते. डाग लगेच जात नाही, नख वाढेल तसा पुढे सरकत जातो. त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

आता तो कातडीवर ओघळलेला द्रव. न जमलेलं, कच्चं अ‍ॅक्रिलिक किंवा जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागत राहिलं, तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. नखांभोवती खाज, लाली, बोटांची टोकं सुजणं, भेगा. कधी पुरळ भलतीकडेच उठतं, पापण्यांवर किंवा मानेवर, कारण बोटं तिथे जातात. ही अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असं नाही. महिनोन्‌महिने काही होत नाही आणि मग एकदम होतं. आणि एकदा झाली की बहुतेकांना जन्मभर राहते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गंमत अशी, खरं तर गंमत नाहीच, की याच मेथाक्रिलेट कुळातले पदार्थ दातांत भरायच्या सिमेंटमध्ये, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये आणि साखर मोजायच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीत असतात. पंचविसाव्या वर्षी पाचशे रुपयांत घेतलेली अ‍ॅलर्जी पासष्टाव्या वर्षी हाडांच्या डॉक्टरसमोर उभी राहू शकते. तेव्हा खाज सुरू झाली तर अ‍ॅक्रिलिक बंद, आणि ‘मग जेल लावते’ हेही बंद, कारण नातं तेच. डॉक्टर पॅच टेस्ट करून नेमकं कशाचं वावडं आहे ते सांगतात. तो कागद जपून ठेवा आणि दातांच्या डॉक्टरला दाखवा.

नखं काढल्यावर हात साबणाने धुऊन तेल लावा. साधं खोबरेल तेल, दिवसातून दोन-तीनदा, मुळाशी चोळून. नख आखूड ठेवा. भांडी घासताना आतून कापड असलेले रबरी हातमोजे घाला. ‘नखांना श्वास घेऊ द्या’ असं जे म्हणतात त्यात तथ्य नाही. नख ही मृत पेशींची ढाल आहे, तिला श्वास नाही. मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो. थांबायचं कारण वेगळं आहे. घासून पातळ झालेला भाग दुरुस्त होत नाही, तो फक्त पुढे सरकतो आणि कापला जातो. खडबडीत पट्टा टोकापर्यंत पोचेपर्यंत नवा सेट लावला, तर तुम्ही गंजलेल्या पत्र्यावर रंग देता आहात. आणि या काळात एखादं ऑपरेशन ठरलं असेल, तर उरलीसुरली कृत्रिम नखं आधीच काढा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा उजेड नखातून आरपार जावा लागतो.

तक्रार करायची तर काढण्यापूर्वी दोन्ही हातांचे फोटो घ्या. बिल नसेल तर यूपीआयची नोंद चालते, डॉक्टरची चिठ्ठी जोडा. आधी मालकाला लेखी कळवा. ‘फुकट काढून देतो’ म्हणतील. पण ज्या हाताने दाबून घासलं त्याच हातात पुन्हा बोट द्यायचं का, याचा विचार करा. पैसे परत मागितलेले बरे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. सेवेतली त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं असेल, नखांची चाळण झाली असेल, तर काय? दुखणं, हिरवा डाग, खाज यांपैकी काही नसेल, तर एका दिवसापुरती चिकटवायची तयार नखं घ्या. त्यांच्याबरोबर येणाऱ्या गोंदाची ट्यूब बाजूला ठेवा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या वापरा. रात्री कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसलात की पट्ट्या सुटतात. तो गोंद वापरायचाच झाला, तर सांडलेला गोंद कापसाने पुसू नका. तो सायनोअ‍ॅक्रिलेट असतो, कापसाला लागला की एकदम तापतो, बोट भाजण्याइतका.